डावा कौल

देवासात नीलकंठराव पागनिसांचं घर दोन राज्यांत होतं. हे काही थट्टेनं सांगत नाही. देवासच्या गादीच्या पात्या दोन, थोरली आणि धाकटी, आणि गाव मात्र एकच. त्यामुळे रस्त्याची ही बाजू एका महाराजांची, ती दुसऱ्यांची, असला प्रकार तिथं रोजचाच होता. पागनिसांचा पुढचा दरवाजा थोरल्या पातीत उघडायचा, मागचा धाकट्या पातीत. गाय धाकट्या पातीत दूध द्यायची आणि ते थोरल्या पातीत तापायचं. नीलकंठराव थोरल्या पातीच्या पागेत कारकून होते, आणि आपल्या घराची ही नवलाई त्यांनी कचेरीत इतक्यांदा सांगितली होती की ऐकणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली होती.

"अक्कल असली," ते मिशीवर बोट फिरवून म्हणत, "तर दोन राज्यांत राहूनही माणसाला एकाचाही कायदा लागत नाही."

ही अक्कल त्यांनी सगळ्यांत जास्त चालवली ती टीकेवाल्यांवर. तो एकोणीसशे सहा-सातचा सुमार. दोन्ही पात्यांचे टीकेवाले थंडीच्या दिवसांत घरोघर फिरून पोरांच्या दंडाला देवीची लस टोचायचे, आणि आया पोरं लपवायच्या. वासराच्या अंगची लस आपल्या नातवंडांना टोचायची, हे नीलकंठरावांच्या आईला, माईंना, मुळीच खपत नसे. मग पुढून थोरल्या पातीचा टीकेवाला आला की नीलकंठराव सांगत, "मुलं मागच्या अंगाला निजतात. ती धाकट्या पातीत मोडतात." मागून धाकट्या पातीचा खंडोजी आला की मुलं पुढच्या ओसरीवर, आणि उत्तर तयार: "इकडे गाय राहते बाबा. माणसं थोरल्या पातीत." दोघा टीकेवाल्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, तेव्हा ही थाप वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. नीलकंठराव ही गोष्टही कचेरीत रंगवून सांगत आणि लोक हसत. त्यांची बायको बकुळा एकदा पौषात चाचरत म्हणाली होती, "टोचून घेतलं तर बरं नाही का?" तेव्हा ते तिलाही हसले होते.

त्या साली पाडवा झाला आणि नीलकंठराव घोड्यावरून पडले. पागेतल्या कारकुनानं घोड्यांच्या दाण्यावैरणीचं बघावं, घोड्यावर बसू नये; पण मंडळींनी डिवचलं आणि हे चढले. घोडी इतकी म्हातारी होती की ती बिचारी उधळलीसुद्धा नाही, तिनं नुसतं अंग झाडलं. डाव्या पायाची नडगी मोडली. घोड्यांची निगा राखणाऱ्या गणोजी मोतद्दारानं त्यांना उचलून घरी आणलं तेव्हा, पडलो तरी नाक वर, हे आपले सांगत होते की खोगीरच ढिलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दोन महिने हलायचं नाही म्हणून बजावलं. खाट टाकली माजघरात, वाऱ्याची वाट म्हणून. तिथून एकीकडे मान वळवली की पुढची खोली दिसे, दुसरीकडे वळवली की मागचं अंगण आणि गोठ्याजवळची खोली. एरवी घरात जेवायला आणि निजायला येणारा हा पुरुष आपलं घर चालतं कसं ते जन्मात पहिल्यांदा बघणार होता.

आणि बघायला मिळालं तेही कसं! दुष्काळात तेरावा महिना. धाकटी बहीण नर्मदा पहिल्या बाळंतपणाला धारहून माहेरी आलेली, तिचे दिवस भरत आलेले. त्यातच थोरला चिंतामणी, सात वर्षांचा, खेळता खेळता घरी येऊन भुईवरच आडवा झाला. अंग तव्यासारखं तापलेलं. पाठोपाठ चार वर्षांची रेवाही निजली. दोनतीन दिवस ताप, कंबरदुखी, ओकाऱ्या, आणि मग एका सकाळी चिंतामणीच्या कपाळावर पुरळ दिसलं. माईंनी ते पाहिलं आणि पदर सावरून हात जोडले.

"आई आल्या," त्या म्हणाल्या. देवीचं नाव त्या घेत नसत.

नीलकंठरावांचे हातपाय गळाले. एक पाय तर आधीच गळालेला होता. बकुळा मात्र मुलांच्या उशाशी बसून नुसती बघत राहिली. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. धारला माहेरी असताना तिला लहानपणी देवी आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या वणांपायी नीलकंठरावांनी लग्नानंतर बरीच वर्षं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंही नव्हतं. आज त्यांनी पाहिलं. त्या तोंडावर भीती नव्हती असं नाही. पण त्या बाईला पुढे काय काय होणार ते ठाऊक होतं. तो रस्ता ती एकदा चालून आली होती.

ती उठली आणि मागच्या दाराशी जाऊन माईंना म्हणाली, "माई, आजपासून पुढची खोली ओवळी. तिथलं भांडं, फडकं, माणूस, काही म्हणजे काही न्हाल्याशिवाय माजघराच्या अलीकडे यायचं नाही. मी तिथं. तुम्ही आणि वन्सं गोठ्याजवळच्या खोलीत. तुमची चूल अंगणात."

नीलकंठराव खाटेवर पडल्या पडल्या थक्क झाले. हीच गोष्ट तिनं "रोग पसरेल" म्हणून सांगितली असती तर माईंनी तासभर वाद घातला असता. पण सोवळंओवळं! तो तर माईंचा प्रांत. त्या दिवसापासून त्यांनी माजघराच्या उंबऱ्यावर असा पहारा बसवला की गणोजीनं आणलेला लिंबाचा पालासुद्धा पाणी शिंपडल्यावाचून आत गेला नाही. नर्मदेला देवी आलेल्या नव्हत्या, तिची धास्ती सगळ्यांत मोठी. पण माईंच्या त्या सोवळ्यानं तिच्याभोवती भिंतच घातली.

राहता राहिला भास्कर.

भास्कर आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा. पुरळ उठेपर्यंत तो रेवाच्याच कुशीत निजत होता. त्याला मागे नर्मदेजवळ ठेवणं म्हणजे विस्तव गवतात ठेवणं, आणि पुढे ठेवणं म्हणजे तर हातानं आगीत टाकणं. बकुळेनं त्याला सरळ आणून नीलकंठरावांच्या खाटेवर ठेवलं. त्यांना देवी लहानपणी येऊन गेल्या होत्या. कानामागे दोनचार वण अजून होते. आता त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं मूल घेणं म्हणजे मोठा निर्लज्जपणा. नीलकंठरावांनी तीन मुलांचा बाप होऊनही एकाला आईदेखत उचललं नव्हतं. ते ओशाळून मागच्या अंगणाकडे बघू लागले. माईंनी तोंड फिरवलं, म्हणजे परवानगी दिली.

बकुळा पुढच्या खोलीतून यायची, आडोशाला घडाभर पाणी अंगावर घ्यायची, ओलं लुगडं बदलायची आणि मग पोराला पाजायची. दर वेळी. केस वाळायला सवड म्हणून मिळत नसे. पोर प्यायलं की पुन्हा आत. नीलकंठराव सल्ले देत: "खिडकी उघडी ठेव," "खिडकी लावून घे." ती दोन्हींना "हो" म्हणायची आणि आपल्या मनाचं करायची.

त्याच दिवशी दुपारी पोराला पाजताना ती माईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माई, खंडोजीला बोलावते. भास्करला टोचून घ्यायचं."

अंगणात माई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय बोलतेस सूनबाई? आई घरात बसल्यात. फोडणी घालत नाही आपण, दाढी करत नाही कुणी, आणि लेकराच्या अंगाला तू लोखंड लावणार? त्यांच्यादेखत? कोपल्या म्हणजे त्या दोघांचं काय होईल?"

"आमच्याकडे धारला आम्ही भावंडं एका पांघरुणात निजत होतो," बकुळा म्हणाली. "आम्हाला आल्या. उमाशंकरला टोचलेलं होतं. तोही त्याच पांघरुणात होता माई. त्याला एक फोडसुद्धा आला नाही."

"त्याचं नशीब."

"असेल. भास्करचं नशीब मला ठाऊक नाही, म्हणून विचारते."

माईंनी तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "मला विचारू नकोस. त्यांना विचार. कौल लाव. उजवा दिला तर बोलाव त्या मेल्याला."

बकुळेनं मान हलवली. पुढच्या खोलीत कोपऱ्यात देवीचा कलश मांडलेला होता, लिंबाचे डहाळे खोचून. तिनं कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि नारळाच्या दोन अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. ती हात जोडून समोर बसली. खाटेवरून नीलकंठरावांना सगळं सरळ दिसत होतं. त्यांनी मान इतकी ताणली की कामट्या करकरल्या. आत चिंतामणी बरळत होता, रेवा कण्हत होती. पाकळ्या वाळत चालल्या.

डावी पडली.

नीलकंठरावांच्या लगेच डोक्यात आलं, हे पाहिलं कुणी? तिनं आणि आपण. माई तिकडे अंगणात. तिनं जाऊन "उजवी" म्हणावं आणि मोकळं व्हावं. आपण नाही बोलणार, ब्रह्मदेवाचा बाप आला तरी नाही बोलणार. दोन पात्यांना फसवणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार काय!

बकुळा कलशाकडे बघत हळू म्हणाली, "आई, तुझं म्हणणं कळलं. पण माझा इलाज नाही. राग येईल तो माझ्यावर काढ. मला तू एकदा बघितलेलं आहेस."

मग ती न्हाली, कोरडं नेसली, माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "माई, डावा दिला."

माईंनी सुस्कारा सोडला. "मग झालं तर."

"पण मी बोलावणार आहे."

नीलकंठरावांनी डोळेच मिटून घेतले. त्या घरात माईंपुढे आजवर कुणी असं बोललं नव्हतं. ते स्वतः तर नाहीच. आता भडका उडणार म्हणून ते वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर माई सूप मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या, आणि सून उंबऱ्यावर तशीच उभी, केसांतून पाणी ठिबकतंय.

"उजवा दिला म्हणून खोटं का नाही सांगितलंस?" माईंनी विचारलं. "मी काय उठून बघायला येणार होते?"

"पोराच्या जिवाची गोष्ट आहे माई. ती खोट्यावर कशी उभी करू?"

माईंनी सूप खाली ठेवलं. "मी चारदा कौल लावला होता," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "तू नव्हतीस तेव्हा. ही नर्मदाही नव्हती. चार लेकरं एका खोलीत निजली होती माझी. एकेकासाठी विचारलं, बरं होईल का? चारही वेळा उजवा दिला त्यांनी. उरला तो हा एकटा." त्यांनी खाटेकडे बोट केलं. मग पुन्हा सूप उचललं. "बोलाव त्याला. मी आडवी येणार नाही."

नीलकंठरावांना एवढंच ठाऊक होतं की आपल्याला आणखी काही भावंडं होती आणि ती गेली. त्यांच्याविषयी घरात बोलत नसत. आईनं आपल्याकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांना एकदम वाटलं की आपण कुणाच्या तरी जागेवर पडलो आहोत. त्यांनी भास्करला जवळ ओढलं, आईदेखत.

थोरल्या पातीचा टीकेवाला परगण्यात गेलेला होता. गणोजी धाकट्या पातीच्या खंडोजीला घेऊन आला. खंडोजी मराठा गडी, आडव्या अंगाचा, जन्म सगळा माळव्यात गेलेला, बोलण्यात सतत 'भिया', म्हणजे भाऊ. तो मागच्या दारी आला आणि पेटी न उघडता उभा राहिला.

"इथं तर गाय राहते ना?" तो मोठ्यानं म्हणाला. "मी गाईला टीका लावत नसतो भिया. गाईचा टीका माणसांना लावतो."

नीलकंठरावांनी जीभ चावली. खंडोजीचंही काही चुकत नव्हतं. आगे जाओ, पीछे जाओ करून ज्याला वर्षानुवर्षं दारातून परत लावलं, तो एवढं बोलणारच. पण आता त्याला उत्तर द्यायला कोण जाणार? पुरुष खाटेवर आणि सून परक्या पुरुषाशी बोलत नाही. हा विचार त्यांच्या मनात पुरता व्हायच्या आत बकुळा डोक्यावर पदर घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

"फसवलं तुम्हाला," ती म्हणाली. "मुलं घरातच होती. आईची माया आंधळी असते हो. मीच लपवली. शिक्षा करायची ती मला करा, पण लेकराला टोचा."

तिच्या आवाजात रडं नव्हतं आणि लाचारीही नव्हती. नीलकंठराव ऐकत होते. गप्प बसणं फार सोपं होतं. सगळं झाकलं जात होतं, तेही बायकोच्या पदरानं. पण ज्या बाईनं दुपारी देवीपुढे खोटं केलं नाही ती आता आपल्यासाठी टीकेवाल्यापुढे खोटं बोलते आहे, हे काही त्यांना सोसेना. कोपरावर उठून ते ओरडले, "खंडोजी! ती खोटं सांगते आहे. तिनं नाही, मी लपवली. ती टोचा म्हणत होती, मी हसलो. ऐकलंस? मी! नीलकंठ पागनीस!"

उठताना पाय हलला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेही बरंच झालं. डोळ्यांत पाणी आलं ते पायामुळे असं म्हणता आलं.

खंडोजीनं पेटी ओट्यावर ठेवली. "बैल गेला नि झोपा केला, असं म्हणणार होतो भिया," तो म्हणाला. "पण आधी बोला बाई, बडे लेकराचं पुरळ कब उठलं?"

"आज सकाळी."

"मग बैल अजून दारातच आहे. आणा लेकरू. हात स्वच्छ धुऊन आणा."

अंगणात उन्हात भास्करच्या दंडावर टोचणी लागली. त्यानं दोन्ही पात्यांना ऐकू जाईल असा टाहो फोडला. खंडोजीनं पेटी बंद केली आणि सांगितलं की आठवड्याभरानं दंडावर फोड भरला तर लस धरली समजा. नाही भरला तर? त्यानं फक्त वर हात दाखवला.

पुढचे दिवस कसे गेले ते बकुळेलाच ठाऊक, आणि खाटेवरून ते पाहणाऱ्या नीलकंठरावांना. दोघा पोरांच्या अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. केळीच्या पानांवर लोणी फासून ती त्यांना निजवायची, लिंबाच्या डहाळीनं वारा घालायची. खाजेनं पोरं वेडी व्हायची. ओरबाडलं की खड्डे पडतात, हे तिच्याइतकं कुणाला कळणार! एका सकाळी ती माजघरात आली, खुंटीवरचं नीलकंठरावांचं दरबारी पागोटं काढलं, खास चंदेरीचं, आणि त्यांच्यासमोर त्याचा वेढा उलगडून टराटरा फाडलं. मुलांच्या हातांना बांधायला तेवढं मऊ कापड घरात दुसरं नव्हतं.

"आणखी लागलं तर उपरणं आहे," नीलकंठराव म्हणाले.

ती हसली. किती वर्षांनी ती त्यांच्याकडे बघून हसली असेल! त्या वण पडलेल्या तोंडावर ते हसू इतकं देखणं दिसलं की नीलकंठराव पुढचा सल्ला द्यायचा विसरले.

चिंतामणीचे डोळे चिकटले. ती कोमट पाण्यात कापूस भिजवून तासन् तास पापण्या भिजवत बसायची, आणि तोंडानं त्याला मांडूच्या गोष्टी सांगायची: तिथं किती महाल आहेत, किती तळी, कुठल्या तटावरून सगळा निमाड दिसतो. बरा झालास की छकड्यातून नेईन म्हणायची. पोर ऐकता ऐकता निजायचं आणि ती तशीच उठून रेवाकडे जायची. त्याच दिवसांत मागच्या खोलीत नर्मदा अडली. सुईण आणि माई घाबरल्या, तेव्हा बकुळा माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहून, आत पाऊल न टाकता, ओरडून ओरडून नणंदेला धीर देत राहिली. "वन्सं, दम धरा! आता सोडा! आता कळ द्या!" एका खोलीत मरण बसलेलं, दुसऱ्या खोलीत जन्म अडलेला, आणि मधे ही एक बाई, दोन्हीकडे पुरणारी. नर्मदेला मुलगी झाली. पोरीचा आवाज आला तशी बकुळा भिंतीला टेकली, दोन श्वास घेतले आणि पुढच्या खोलीत निघून गेली. नीलकंठरावांनी कचेरीत किती सरदार पाहिले होते, किती मोहिमांच्या बढाया ऐकल्या होत्या. त्या सगळ्यांना या उंबऱ्यावर आणून उभं करावं असं त्यांना वाटलं.

आणि मग भास्करला ताप भरला.

पहाटे खाटेवर त्याचं अंग नीलकंठरावांच्या हाताला चटका देऊ लागलं. ते उजाडेपर्यंत त्याला पोटाशी धरून बसले. बकुळा न्हाऊन पाजायला आली. तिनं पोराला हात लावला. ती खाली बसली. लस टोचल्यानंही ताप येतो हे खंडोजी सांगून गेला होता. पण देवीचाही ताप असाच येतो. कुठला कोणता, हे सांगणार कोण?

"माई," तिनं हाक मारली. एवढीच हाक, पण माई सगळं सोडून आल्या. त्यांनी पोराला अंगणात उन्हात नेलं, अंगडं काढलं, आणि बोटाबोटानं सगळं अंग तपासलं. कपाळ, कानामागे, तळहात, तळपाय, जांघा. बकुळा उंबऱ्यावर होती, खाटेवर नीलकंठराव. दोघांनाही माईंची फक्त पाठ दिसत होती. माईंनी शेवटी त्याचा दंड उजेडाकडे धरला. तिथं मोत्याएवढा एक टच्च फोड भरला होता. बाकी अंग लोण्यासारखं स्वच्छ.

"धरली," माई म्हणाल्या. मग मागे वळल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "अगं धरली! फक्त दंडावर आहे. दुसरीकडे कुठं काही नाही."

बकुळेनं ऐकलं आणि तिथंच, उंबऱ्याला डोकं लावून ती घळाघळा रडली. इतके दिवस साठवलेलं सगळं. तिला कुणी गप्प केलं नाही.

ताप दोन दिवसांत उतरला. पुढच्या खोलीतल्या मुलांच्या फोडांवरही खपली धरू लागली. रेवा वाचली, नाकाच्या शेंड्यावर वण घेऊन. चिंतामणीही वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. सगळं हाती लागलं असं म्हणणारा खोटं बोलेल. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी नीलकंठरावांनी पोराला जवळ बोलावलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहिले. बकुळा त्यांना काही बोलली नाही. पौषातलं ते बोलणं तिनं तेव्हाही काढलं नाही आणि पुढे जन्मभर कधीही नाही. बोलली असती तर त्यांना सोसायला सोपं गेलं असतं.

देवीची बोळवण झाली. दहीभाताचा नैवेद्य गेला, घर सारवलं, लिंबाच्या पाण्यानं सगळे न्हाले. खंडोजी भास्करचा दंड बघायला आला आणि खूश होऊन निघाला, तोच माईंनी त्याला थांबवलं.

"जातोस कुठं? गावात अजून आहेत त्या. ही बाळंतीण आणि ही पोर, दोघींना टोच."

खंडोजी चपापला. "माई, पोर एक महिन्याचीही नाही. आणि कौल वगैरे?"

"कौल मी बघते. तू पेटी उघड."

त्यांनी पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं, तिचा काडीएवढा दंड दोन बोटांत धरला. नर्मदा घाबरून भिंतीला चिकटली होती; तिच्या खांद्यावर बकुळेचा हात होता. टोचणी लागली, पोर किंचाळली, निळीजांभळी झाली. माईंनी तिला सोडलं नाही.

"रड," त्या म्हणाल्या, "रड माझे आई. मोठ्यानं रड." आणि मग त्यांचाच आवाज फुटला. सून जवळ आली तशी त्यांनी तिचा हात धरला. "सूनबाई, माझ्या गोदीच्या वेळीही आला होता गं एक टीकेवाला. गोदी, वामन, आणि धाकट्याचं तर बारसंही झालं नव्हतं. दारात उभा राहून विचारत होता तो, घरात लहान मूल आहे का. आत चौघं होती. मी पदर खोचून बाहेर गेले आणि त्याला सांगितलं, आमच्या घरी मूल नाही."

खंडोजीनं मान खाली घातली. खाटेवर नीलकंठराव उठून बसले होते. बकुळेनं नर्मदेच्या पोरीला एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं माईंना छातीशी धरलं, आणि दोघींचं रडणं थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.